सशाच्या पिल्लांचा खुराक आणि ‘लक्षणीय फरक नाही’

प्राण्यांच्या आहाराविषयीची शोधनियतकालिके चाळू लागलो की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते. सोयाबीनच्या पेंडीऐवजी अमुक वनस्पतीचे प्रथिन वापरले आणि पिल्लांच्या वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘अमुक’च्या जागी कधी सूर्यफुलाची पेंड असते, कधी वाटाणा, कधी मोहरीच्या कुळातल्या रेपची पेंड, आणि अलीकडच्या वर्षांत बरेचदा पांढरा ल्युपिन. या वाक्यापासून ‘सोयाबीनला पर्याय सापडला’ या वाक्यापर्यंत फार थोडे अंतर आहे असे वाचणाऱ्याला वाटते, आणि कित्येकदा लिहिणाऱ्यालाही. माझी तक्रार या उडीविषयी आहे. प्रयोग वाईट असतात असे मला म्हणायचे नाही; त्यातले बरेचसे काळजीपूर्वक केलेले असतात. पण त्यांतून जे सिद्ध होते आणि जे सिद्ध झाले असे समजले जाते, ते एकच नसते. सशाचे उदाहरण घ्यायचे कारण असे की, ससा हा प्राणी या बाबतीत फार कडक परीक्षक आहे. कोंबडीच्या खाद्यात जी ढिलाई खपून जाते ती सशाच्या पिल्लाला थेट भोवते.

आधी ‘पर्यायी’ या शब्दाकडे पाहू. पर्याय कशाला, आणि कोणासाठी? मांसासाठी सशांची पैदास हा मुख्यतः युरोपात इटली, स्पेन आणि फ्रान्स या देशांतला, आणि जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर चीनमधला व्यवसाय. युरोपात सोयाबीन फारसे पिकत नाही. १९६०-६२ च्या व्यापारी वाटाघाटींत, ज्यांना डिलन फेरी म्हणतात, युरोपने सोयाबीन आणि त्याची पेंड विनाजकात येऊ द्यायचे कबूल केले आणि तेव्हापासून तिथल्या गोठ्यांना, खुराड्यांना आणि सशांच्या पिंजऱ्यांना परदेशी सोयाची सवय लागली. जून १९७३ मध्ये अमेरिकेने स्वतःच्या बाजारातले भाव आवरण्यासाठी सोयाबीनची निर्यात एकाएकी रोखली. बंदी फार काळ टिकली नाही, पण युरोपला, विशेषतः फ्रान्सला, धडकी भरायला तेवढे पुरे झाले. घरच्या शेतातले प्रथिन शोधण्याची मोहीम तेव्हापासूनची. पुढे तिला दुसरे कारण मिळाले : सोयासाठी दक्षिण अमेरिकेतली जंगले तुटतात. २०२३ मध्ये युरोपीय संघाने जंगलतोड करून पिकवलेल्या मालाविरुद्ध जो कायदा केला त्यात सोयाबीन आहे. मात्र तो लागू करण्याची तारीख नंतर पुढे ढकलली गेली.

म्हणजे सोयापेंडीत खाद्य म्हणून काही खोट आहे, यासाठी हा शोध सुरू झालेला नाही. ती फार दूरून येते, ही तिची खोट आहे. हे ध्यानात ठेवले नाही तर लातूरच्या किंवा वाशीमच्या शाळेतला विद्यार्थी तोच शोधनिबंध वाचून सोयाबीनविषयी भलताच समज करून घेईल. त्याच्या गावात सोयाबीन हेच घरचे पीक आहे.

आता सशाच्या पोटाकडे वळू. ससा गवत खातो, पण गाईसारखे त्याला चार कप्प्यांचे पोट नाही. त्याच्या पोटात जागा व्यापते ते आंधळे आतडे, म्हणजे सीकम. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची ती एक मोठी पिशवी असते. तिथे जीवाणू तंतुमय पदार्थ आंबवतात आणि स्वतः वाढतात. या जीवाणूंनी भरलेल्या मऊ, चिकट गोळ्या ससा दिवसातून ठरावीक वेळी थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्येच याचे वर्णन केले होते. आपण पिंजऱ्याखाली पाहतो त्या कोरड्या लेंड्या वेगळ्या. मऊ गोळ्यांतल्या कोरड्या भागात प्रथिनांचे प्रमाण लेंड्यांतल्यापेक्षा जवळपास दुप्पट असते. मुलांना हे सांगितले की वर्गात हमखास ‘शी!’ होते, पण ही घाणेरडी सवय नाही, पचनाची दुसरी फेरी आहे.

यावरून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात की, सशाला प्रथिनाचा दर्जा कसाही चालेल, उरलेले जीवाणू भरून काढतील. मोठ्या सशाच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे. पिल्लाच्या बाबतीत फारसे नाही. पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घन अन्न खाऊ लागते तेव्हा कुठे ही दुसरी फेरी सुरू होते, आणि व्यावसायिक पैदाशीत आईचे दूध साधारण अठ्ठावीस ते पस्तीस दिवसांत तोडतात. जीवाणूंची वसाहत अजून पुरती बसलेली नाही, स्वादुपिंडातून पिष्ट पचवणारे विकर पुरेसे येत नाही, आणि रोजचे दूध बंद. त्या दोन-चार आठवड्यांत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. दुसरीकडे, न पचलेले प्रथिन आंधळ्या आतड्यात पोचले तर तिथे क्लॉस्ट्रिडियमसारख्या उपद्रवी जीवाणूंची चंगळ होते. कमी देऊन चालत नाही आणि जास्त देऊनही चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ मध्ये वाढत्या सशांसाठी खाद्यात १६ टक्के प्रथिन सांगितले. आजही व्यवहारातला आकडा त्याच्या आसपासच आहे.

या वयातच पिल्ले मरतात. फुगलेले पोट, पाण्यासारखी किंवा शेंबडासारखी हगवण आणि दोन-तीन दिवसांत शेवट. १९९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये आतड्याचा असा एक साथीचा रोग उद्भवला, युरोपभर पसरला आणि तेव्हापासून सशांच्या आहारशास्त्राचा रोखच बदलला. तोवर प्रश्न असे विचारत की पिल्लू किती लवकर वाढेल. नंतर विचारू लागले की ते जगेल का. तूलूजच्या थिएरी जिदेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दूध तोडल्यानंतरच्या खाद्यात सेल्युलोज आणि लिग्निन मिळून साधारण १८-१९ टक्के असावेत. ते खूप खाली गेले की हगवण वाढते. हा चोथा पिल्लाला फारसे पोषण देत नाही. तो आतडे हलते ठेवतो. पोषण न देणाऱ्या पदार्थावर पिल्लाचा जीव अवलंबून असावा, हे पाठ्यपुस्तकातल्या ‘सकस आहारा’त बसवायला जरा कठीण जाते.

एवढे समजले की बदली-प्रयोगांतली पहिली अडचण आपोआप दिसते. ती नुसत्या अंकगणिताने दाखवता येईल. समजा १०० किलो खाद्यात १६ किलो प्रथिन हवे आहे, त्यातले ६.६ किलो आपण सोयापेंडीतून घेतो, बाकीचे लसूणघास, गव्हाचा कोंडा, सातू यांतून येते. सोयापेंडीत ४४ टक्के प्रथिन धरले तर १५ किलो पेंड लागेल. तेवढेच प्रथिन ल्युपिनच्या दाण्यातून (३५ टक्के) घ्यायचे तर जवळपास १९ किलो लागेल, टरफलासकटच्या सूर्यफूल पेंडीतून (३० टक्के) २२ किलो आणि वाटाण्यातून (२२ टक्के) ३० किलो. आता खाद्य तर १०० किलोच आहे. वाढलेले ४, ७ किंवा १५ किलो कोणाला तरी बाहेर काढून आत येणार. शिवाय येताना ते आपले बिऱ्हाड घेऊन येतात. सूर्यफुलाची पेंड टरफलाचा चोथा आणते, म्हणजे लिग्निन. वाटाण्याच्या दाण्यात निम्म्याच्या जवळपास पिष्ट असते. ३० किलो वाटाण्याबरोबर १४ किलोच्या घरात पिष्ट येईल, ज्याची पिल्लाला या वयात भीती. ल्युपिनमध्ये पिष्ट जवळपास नाही, पण आठ-दहा टक्के तेल आहे, जे तेल काढून घेतलेल्या सोयापेंडीत उरलेलेच नसते.

तेव्हा दोन पिंजऱ्यांतल्या खाद्यांत फरक एका गोष्टीचा नसतो, चार गोष्टींचा असतो. सूर्यफुलाच्या गटात हगवण कमी झाली तर श्रेय प्रथिनाला द्यायचे की टरफलाला? चांगले संशोधक सातू आणि कोंडा कमीजास्त करून दोन्ही खाद्यांतले तंतू आणि पिष्ट सारखे ठेवण्याचा प्रयत्न करतात. मग खाद्ये तुलनेस योग्य होतात खरी, पण आता बदललेला घटक ‘सोया’ नसतो, ‘सोया अधिक सातू वजा कोंडा’ असतो. यातून सुटका नाही. म्हणूनच मी म्हणतो की, अशा निबंधात सारांश शेवटी वाचावा आणि खाद्याच्या घटकांचे कोष्टक आधी. त्यात सगळा कबुलीजबाब असतो.

दुसरा गुंता चवीचा. ससा चवीच्या बाबतीत नाठाळ असतो. ल्युपिनच्या मूळ रानटी दाण्यात कडू अल्कलॉइडे असतात. भूमध्य समुद्राच्या काठची माणसे ते दाणे कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून खात आली आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत राइनहोल्ट फॉन झेंगबुश यांनी असंख्य रोपे तपासून कमी अल्कलॉइडांची, म्हणजे ‘गोड’ रोपे वेगळी काढली आणि मग ल्युपिन जनावरांपुढे ठेवण्याजोगा झाला. तरीही नवे खाद्य पिल्ले सुरुवातीला हात राखून खातात, असे घडू शकते. आणि गंमत अशी की, दूध तोडल्यानंतर पिल्लांना भुकेपेक्षा थोडे कमी खाऊ घातले तर पोटाचे आजार कमी होतात. फ्रान्समध्ये तर तशी पद्धतच रूढ झाली आहे. म्हणजे एखादे प्रथिन केवळ बेचव आहे म्हणूनही पिल्ले जगतील! खाल्लेल्या खाद्याचा आठवडावार आकडा दिला नसेल तर हे वाचकाला कळणार नाही.

आता त्या ‘लक्षणीय’कडे येऊ. मराठीत लक्षणीय म्हणजे डोळ्यांत भरण्याजोगे. संख्याशास्त्रात मात्र त्याचा अर्थ एवढाच की, केवळ योगायोगाने एवढा फरक दिसणे अवघड आहे. ‘लक्षणीय फरक नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. आपल्याला दिसू शकला नाही, इतकाच होतो. वजनवाढीच्या बाबतीत तीस-चाळीस पिल्लांच्या गटावर काम भागते, कारण प्रत्येक पिल्लू एक मोजमाप देते. मृत्यूच्या बाबतीत प्रत्येक पिल्लू फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. एका खाद्यावर खरोखर १० टक्के पिल्ले मरतात आणि दुसऱ्यावर ५ टक्के, म्हणजे निम्मी; हा फरक पाचपैकी चार वेळा तरी पकडता यावा असे वाटत असेल तर प्रत्येक गटात सुमारे ४३५ पिल्ले हवीत. पुष्कळशा प्रयोगांत त्याच्या दहावा हिस्सा असतात.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एका पिशवीत दहा चिंचोके टाका, त्यातल्या एकावर शाईची खूण करा. चाळीस विद्यार्थ्यांनी एकेकाने न बघता एक चिंचोका काढायचा, पाहायचा आणि परत टाकायचा. खुणेचा चिंचोका म्हणजे मेलेले पिल्लू. सरासरीने चार ‘मृत्यू’ व्हायला हवेत. पण ही फेरी अनेकदा केली तर शंभरातल्या सुमारे २२ फेऱ्यांत दोन किंवा त्याहून कमी मृत्यू निघतील, आणि सुमारे २१ फेऱ्यांत सहा किंवा जास्त. पिशवी तीच, चिंचोके तेच. एका फेरीला ‘सोया’ आणि दुसरीला ‘ल्युपिन’ असे नाव देऊन फळ्यावर आकडे मांडा. दोन-तीन जोड्यांतच कुणीतरी म्हणेल की ल्युपिन बरा दिसतो. प्रत्यक्षात परिस्थिती याहूनही बिकट असते, कारण एका पिंजऱ्यात चार-सहा पिल्ले एकत्र असतात आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. चाळीस पिल्ले म्हणजे चाळीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. कधीकधी ती आठ पिंजरेच असतात.

याच्याशी जोडलेली एक बाब मला जास्त खटकते, आणि ती क्वचितच कुणी बोलून दाखवतो. रोजची सरासरी वजनवाढ बहुधा शेवटपर्यंत जगलेल्या पिल्लांवरून काढतात. समजा, ‘अ’ खाद्यावर चाळीसपैकी ३८ जगली आणि सरासरी अडीच किलोंची झाली. ‘ब’ खाद्यावर ३३ जगली, सरासरी २.५६ किलोंची. कोष्टकात ‘ब’ पुढे दिसेल. अशक्त पिल्ले मेल्यावर उरलेल्यांची सरासरी वाढणारच. नापास होण्याजोग्या मुलांना परीक्षेला बसू न देता शाळेचा निकाल वाढवावा, तसे हे आहे. पिंजऱ्यातून बाहेर पडलेले एकूण वजन पाहा : ‘अ’चे ९५ किलो, ‘ब’चे साडेचौऱ्याऐंशी. सशांवर पोट असणाऱ्या माणसाला दुसऱ्या आकड्याशी कर्तव्य आहे. तो आकडा निबंधात छापलेला नसतो, पण पिल्लांची संख्या दिली असेल तर तो वाचकाला काढता येतो.

आणखी एक बारीक अक्षरांतली गोष्ट. जुन्या निबंधांत खाद्याच्या कोष्टकाखाली तळटीप असते की, खाद्यात अमुक प्रतिजैविक होते. वाढीसाठी प्रतिजैविके घालायला युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून बंदी आली आणि २०२२ पासून सरसकट प्रतिबंध म्हणून ती देण्यावरही कडक मर्यादा आल्या. त्याआधीच्या, औषध घातलेल्या खाद्यावर ‘दोन्ही प्रथिने सारखीच सुरक्षित’ असे ज्या प्रयोगाने म्हटले, त्याने मुख्यतः औषधाची परीक्षा घेतली. कॉक्सिडिओसिसवरचे औषध आजही बऱ्याच खाद्यांत असते. ते असण्यात गैर काही नाही, पण ते आहे हे वाचकाला माहीत हवे.

मग चांगले काम कसे दिसते? प्रागजवळच्या उह्रिनेवेस येथील पशुविज्ञान संस्थेत झ्देनेक व्होलेक आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या ल्युपिनवर जे काम केले आहे ते मला या क्षेत्रात विशेष वाटते. त्यांनी ‘अमिगा’ वाणाचे अख्खे दाणे न भाजता वापरले. सोयाबीनमधली ट्रिप्सिनला रोखणारी द्रव्ये उष्णतेने मारावी लागतात. ल्युपिनमध्ये ती अत्यल्प असल्याने तो खर्च वाचतो. त्यांनी केवळ वाढत्या पिल्लांवर न थांबता माद्यांना ल्युपिन देऊन दूध किती येते, त्यातल्या मेदाम्लांची घडण कशी बदलते आणि त्या दुधावरची पिल्ले कशी राहतात हेही तपासले. पिल्लू दूध तुटायच्या आधीच आईच्या खाद्यात तोंड घालत असते, त्यामुळे आई आणि पिल्लू यांचा विचार एकत्र करणे हीच खरी रीत. ल्युपिनमध्ये मेथिओनिन कमी असते आणि ते बाहेरून घालावे लागते, हे मात्र ‘घरच्या शेतातले प्रथिन’ म्हणताना विसरू नये. ते कारखान्यात तयार होते. युरोपातल्या सशांच्या आहारतज्ज्ञांच्या गटाने १९९५ मध्ये पचनीयता मोजण्याची एकच प्रमाण पद्धत ठरवून दिली, त्याचाही मोठा उपयोग झाला; निदान पचनाचे आकडे एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतात. मृत्यूच्या आकड्यांसाठी असाच एखादा करार, चार-पाच केंद्रांनी एकच प्रयोग एकाच वेळी करण्याचा, मला जास्त गरजेचा वाटतो. एका केंद्राला ४३५ पिल्ले परवडणार नाहीत, पाचांना मिळून परवडतील.

आपल्याकडे सशांवर काम होते ते राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत आणि कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर येथील तिच्या केंद्रात. महाराष्ट्रात ज्यांनी घरगुती प्रमाणावर ससे पाळले त्यांच्यापुढे ल्युपिनचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापुढे लसूणघास, सुबाभळीचा पाला आणि शेंगदाण्याची पेंड होती. सुबाभूळ उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने गावोगाव पोचवली. तिच्या पाल्यात प्रथिन भरपूर, पण मिमोसिन नावाचे विषारी अमिनो आम्लही असते, ज्याने जनावरांचे केस गळतात. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात या विषाचा फडशा पाडणारे जीवाणू असल्याचे रेमंड जोन्स यांच्या कामातून पुढे आले आणि १९८० च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना यशस्वीपणे देण्यात आले. शेळी सुबाभूळ पचवते म्हणून ससाही पचवेल असे मात्र मानता येत नाही. शेळीचे जीवाणू अन्नाला आतड्याच्या आधी भेटतात. सशाचे नंतर भेटतात, तोवर विष रक्तात गेलेले असते.

शेंगदाणा पेंडीची गोष्ट तर याहून जुनी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी जाऊन थांबला. पेंडीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन सापडले ते त्यानंतर. ससा या विषाला सर्वांत हळव्या असलेल्या प्राण्यांपैकी आहे. शेंगदाणा पेंडीवरचा एखादा देशी प्रयोग हाती आला तर मी प्रथिनाच्या टक्केवारीआधी पेंड कोणत्या महिन्यातली होती, किती दिवस साठवली होती आणि अफ्लाटॉक्सिन मोजले होते की नाही हे पाहतो. पावसाळ्यानंतरची पेंड आणि उन्हाळ्यातली पेंड या पिल्लाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, कोष्टकात त्यांची नोंद एकाच ओळीत होत असली तरी.